शंभर टक्के खात्रीचा कोणता?
– संगणकाचे विषाणू आणि त्यांच्या पहारेकऱ्यांची गोष्ट

आमच्या गणिताच्या बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दहावीच्या मुलांसाठी प्रश्नपत्रिका काढणं काही सुटलेलं नाही. पूर्वी त्या स्टेन्सिल कापायच्या, आता घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करतात. पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, भूमितीच्या आकृत्या, मुलांच्या नेहमीच्या चुकांची टिपणं, सगळं त्या एका यंत्रात. मागच्या दिवाळीत भेटायला गेलो तर फराळाची ताटली पुढे करण्याआधी त्यांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं.

‘‘अरे, ही बघ सारखी लाल पाटी येते, ‘तुमचं संरक्षण संपलं’ म्हणून. दुकानदार म्हणतो, वर्षाचे पैसे भरून अमुक अँटिव्हायरस घ्या. भाचा म्हणतो, मावशी, फुकटचाच ठेव. वर फायरवॉलही वेगळी लागते म्हणे. तू एवढा शिकलास, मला एकच सांग. शंभर टक्के खात्रीचा कोणता?’’

मी म्हटलं, ‘‘बाई, शंभर टक्के खात्रीचा कोणताच नाही. आज नाही आणि पुढेही असणार नाही. आणि हे तुमच्याच विषयानं सिद्ध केलेलं आहे.’’

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘सिद्ध केलंय? मग सिद्धता मांड.’’

त्या संध्याकाळी बाईंना जे सांगितलं तेच इथे थोडं विस्तारानं मांडतो आहे.

गंमत म्हणून सुरू झालेलं

स्वतःची प्रत स्वतःच काढणारं यंत्र असू शकेल का, हा प्रश्न जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं १९४९ सालीच आपल्या व्याख्यानांत हाताळला होता. तेव्हा तो निव्वळ तात्त्विक होता. १९७१ साली अमेरिकेत बॉब थॉमस यांनी त्याच्याशी मिळतंजुळतं काहीतरी प्रत्यक्षात आणलं. आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकत जाणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. नाव ‘क्रीपर’. तो पडद्यावर ‘मी आलोय, पकडा पाहू’ अशा अर्थाचा संदेश दाखवायचा, बाकी त्रास काही नाही. पुढे रे टॉमलिन्सन यांनी त्याची प्रती काढणारी आवृत्ती केली आणि तिला शोधून पुसणारा ‘रीपर’ही लिहिला. (ई-मेलमधलं ‘@’ हे चिन्ह रूढ करणारे ते हेच.) म्हणजे पहिला पळपुटा आणि त्याचा पहिला शिपाई जवळजवळ जुळेच म्हणायचे. गंमत अशी की हा शिपाईही पळपुट्यासारखाच न विचारता यंत्रायंत्रांत फिरत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

१९८२ साली रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलानं ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला. हा फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जायचा, आणि बाधित फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा संगणक सुरू केला की पडद्यावर एक यमकी कविता दिसायची. मित्रांच्या खोड्या काढायची त्याला हौस होती, तेवढंच. शिक्षकांना असा एखादा विद्यार्थी नक्की आठवेल.

बाईंना हवी असलेली सिद्धता

या प्रकाराला ‘विषाणू’ हे नाव मिळालं १९८३ मध्ये. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन हा विद्यार्थी प्रा. लेनर्ड ॲडलमन यांच्या चर्चावर्गात बसत होता. (बँकेच्या व्यवहारांचं रक्षण करणारी आरएसए ही सांकेतिक पद्धत आपण ऐकून असाल. तिच्यातला ‘ए’ म्हणजे हे ॲडलमन.) नोव्हेंबरच्या सुरुवातीला कोहेनला कल्पना सुचली, की दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसून, त्याच्यात बदल करून, आपलीच प्रत तिथे ठेवणारा प्रोग्रॅम लिहिता येईल. आठवड्याभरातच त्यानं तो चर्चावर्गात चालवून दाखवला. लिहायला आठ तास लागले होते. फाइलींची रचना चित्ररूपात दाखवणाऱ्या एका उपयुक्त प्रोग्रॅमला तो चिकटवला होता. परवानगी घेऊन पाच वेळा प्रयोग केला. पाचही वेळा तासाभराच्या आत संगणकाचे सगळे अधिकार कोहेनच्या हाती आले, एकदा तर पाच मिनिटांच्या आत! निकाल पाहून संगणकाच्या व्यवस्थापकांनी काय केलं असेल? पुढच्या प्रयोगांना परवानगीच नाकारली. ताप आला म्हणून थर्मामीटर लपवून ठेवावा तसं.

पण कोहेनचं खरं काम १९८४ सालच्या निबंधात आहे. त्यानं विचारलं, की कोणताही प्रोग्रॅम दिला असता ‘हा विषाणू आहे’ किंवा ‘हा विषाणू नाही’ हे नेहमी अचूक सांगणारा पारखी लिहिता येईल का?

‘‘समजा, येईल,’’ मी बाईंना म्हटलं. ‘‘त्या पारख्याला ‘प’ म्हणू. आता मी एक खट्याळ प्रोग्रॅम लिहितो, त्याला ‘ख’ म्हणू. ‘ख’ सुरू झाला की आधी ‘प’लाच विचारतो, ‘माझ्याबद्दल तुझं काय मत?’ ‘प’ म्हणाला ‘तू विषाणू आहेस’, तर ‘ख’ काहीही न करता थांबतो. ‘प’ म्हणाला ‘तू विषाणू नाहीस’, तर ‘ख’ लगेच स्वतःच्या प्रती काढत पसरतो. आता सांगा, ‘प’नं काय उत्तर द्यावं?’’

बाई क्षणभरच थांबल्या. ‘‘विषाणू आहे म्हणावं तर तो पसरत नाही, म्हणजे उत्तर चूक. नाही म्हणावं तर पसरतो, म्हणजे तेही चूक. म्हणून असा ‘प’ असूच शकत नाही. अरे, हे तर दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे हे दाखवतो तसंच झालं!’’

तसंच. उलट मानून विसंगतीपर्यंत जायचं. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये, प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक संगणक यायच्या आधीच, ‘दिलेला प्रोग्रॅम कधी तरी थांबेल का’ हा प्रश्न कोणत्याही एका पद्धतीनं नेहमी सोडवता येत नाही हे दाखवलं होतं. कोहेनची सिद्धता त्याच कुळातली.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. एखादा विशिष्ट विषाणू ओळखता येत नाही, असं ही सिद्धता म्हणत नाही. तो तर सहज ओळखता येतो. सगळ्यांसाठी, कायमचा, कधीच न चुकणारा पारखी मात्र अशक्य आहे. म्हणून जो पारखी करू तो दोनपैकी एका तऱ्हेनं चुकणारच. कधी चोराला सोडेल, कधी सज्जनाला पकडेल. अँटिव्हायरसचा पुढचा सगळा इतिहास या दोन चुकांमधल्या ओढाताणीचा आहे.

लाहोरचा पत्ता आणि पुण्याचं दुकान

आयबीएम पीसी जातीच्या संगणकांवरचा पहिला विषाणू आपल्या शेजारून आला. लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांचा संगणकाचा व्यवसाय होता. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती काढल्या जातात, त्यांचा माग लागावा म्हणून आपण हे केलं, असं त्यांचं म्हणणं. १९८६ सालच्या या ‘ब्रेन’ विषाणूमध्ये त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते! फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात तो परदेशांत पोहोचला. तो राहायचा फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीच्या भागात, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचला जाणारा भाग, तिथे. आणि कुणी तो भाग तपासायला गेलं, की हा पठ्ठ्या लपवून ठेवलेली मूळ, स्वच्छ प्रत पुढे करायचा. तपासनीस येणार म्हटल्यावर वेगळी वही पुढे करण्यासारखंच हे.

पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, जेरुसलेममध्ये एक विषाणू सापडला. शुक्रवारी १३ तारीख आली की तो त्या दिवशी चालवलेले प्रोग्रॅम पुसायचा. पण त्याच्या लेखकाची एक चूक झाली होती. काही फाइली आधीच बाधित आहेत हे त्याला ओळखता येत नसे, त्यामुळे तो त्यांना पुन्हा पुन्हा चिकटायचा. दर वेळी फाइल सुमारे १८०० बाइटनी फुगायची. शेवटी ती मेमरीत मावेनाशी व्हायची, आणि संशय यायचा.

याच सुमारास अँटिव्हायरस हा धंदा जन्माला आला. पद्धत सोपी होती. विषाणूचा नमुना मिळवायचा, त्यातला दुसरीकडे सहसा न आढळणारा बाइटांचा क्रम निवडायचा, आणि प्रत्येक फाइलीत तो आहे का ते पाहायचं. पोलीस चौकीत गुन्हेगारांचे फोटो लावतात ना, तसं. या पद्धतीचा फायदा असा की सज्जनाला पकडण्याची चूक क्वचित होते. तोटा उघड आहे. ज्याचा फोटो नाही तो बिनधास्त आत येतो.

मग १९९२ साल उजाडलं. ‘मायकेलँजेलो’ नावाचा विषाणू ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, हार्ड डिस्कवरची माहिती निकामी करणार होता. अँटिव्हायरस विकणाऱ्या जॉन मॅकॅफी यांच्या हवाल्यानं पन्नास लाख संगणकांना धोका असल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. ६ मार्च उजाडला आणि मावळला. फटका बसलेल्या संगणकांची संख्या हजारांच्या घरातच राहिली. अँटिव्हायरसचा खप मात्र जोरदार वाढला. भीती खोटी नव्हती, पण भीतीचं माप विक्रेत्यानं काढलेलं होतं. आजही पडद्यावर लाल पाटी दिसली की मी आधी हे पाहतो, की ती पाटी लावली कुणी?

त्या काळात भारतात इंटरनेट घरोघरी नव्हतं, पण फ्लॉपी होत्या आणि त्या भरपूर फिरत. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करणारे कैलाश काटकर यांच्याकडे आलेल्या यंत्रांमध्ये विषाणू सापडायचे. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढण्यासाठी छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. १९९३ मध्ये काढलेल्या त्यांच्या कंपनीतून पुढे ‘क्विक हील’ आलं. या गोष्टीकडे यशोगाथा म्हणून पाहतात, ते ठीक आहे. मला त्यात शास्त्रीय मुद्दा दिसतो. नमुना हाती लागल्याशिवाय ओळख तयार होत नाही. पुण्या-सांगलीत फिरणारा विषाणू ज्याच्या टेबलावर आधी येणार, तोच त्याचा फोटो आधी काढणार. दुरुस्तीचं दुकान ही त्या अर्थानं उत्तम प्रयोगशाळा होती.

वेश बदलणारे चोर

विषाणू लिहिणाऱ्यांनी फोटोंवर उतारा शोधला. १९९० च्या सुमारास असे विषाणू आले की ते प्रत्येक प्रतीत स्वतःला वेगळ्या सांकेतिक रूपात लिहायचे. दोन प्रती शेजारी ठेवल्या तर सारखा भाग फारसा सापडायचा नाही. बल्गेरियातल्या ‘डार्क ॲव्हेंजर’ या टोपणनावाच्या इसमानं तर कुणाच्याही विषाणूला असा वेश चढवणारं यंत्रच तयार करून वाटलं. मग पहारेकऱ्यांनाही पद्धत बदलावी लागली. संशयित प्रोग्रॅमला एका खोट्या, कल्पित संगणकात थोडा वेळ चालवून पाहायचं, आणि मुखवटा उतरला की ओळखायचं. चेहऱ्याऐवजी वागणूक तपासायची. पण वागणुकीवरून चोर ठरवायला लागलं की सज्जनही संशयात येऊ लागतात. म्हणजे पहिली चूक कमी करायला जावं तर दुसरी वाढते.

आता माझी स्वतःची गोष्ट. १९९९ साली मी बी.एस्सी.ला होतो. २६ एप्रिल, सोमवार. सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो तर आठपैकी पाच संगणक सुरूच होईनात. पडदा काळा. आधी वाटलं, वीज कमी-जास्त झाली. पण तो ‘सीआयएच’ होता, तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं १९९८ मध्ये लिहिलेला. हा दोन ठिकाणी घाव घालायचा. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग खरडून टाकायचा, आणि काही यंत्रांत तर संगणकाला ‘जागं कसं व्हायचं’ हे सांगणारी चिपच निकामी करायचा. जेरुसलेमच्या विषाणूसारखी फाइल फुगवण्याची चूकही यानं केली नव्हती. प्रोग्रॅमच्या फाइलीत अधूनमधून मोकळ्या जागा असतात, त्यांत तो तुकड्या-तुकड्यांनी बसायचा. आकार तसाच! अँटिव्हायरस कंपन्यांच्या फुशारक्यांना आव्हान म्हणून आपण तो लिहिला, असं त्यानं पुढे सांगितल्याची नोंद आहे.

आमच्या प्रयोगशाळेत अँटिव्हायरस नव्हता असं नाही. होता, रोज सकाळी इमानदारीनं तपासणीही करत होता. पण त्याची यादी आदल्या वर्षीच्या मे महिन्यातली होती. सीआयएच आला त्याच्या नंतर. नवी यादी फ्लॉपीवरून आणून घालायची असते, हे कुणाचंच काम नव्हतं. माझ्या एका मैत्रिणीची तीन महिन्यांची प्रयोगाची निरीक्षणं त्यातल्या एका यंत्रात होती. ती वाचली, कारण तिला वहीत पेन्सिलीनं लिहायची सवय होती. आठवडाभर आम्ही तिघं-चौघं ते आकडे पुन्हा टाइप करत बसलो.

दारं कुणी उघडी ठेवली?

‘‘मग ती फायरवॉल कशाला?’’ बाईंचा पुढचा प्रश्न.

आतापर्यंतचे सगळे विषाणू कुणीतरी हातानं आत आणलेले होते. फ्लॉपी घातली, फाइल उघडली. पण २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी रॉबर्ट मॉरिस या संशोधक विद्यार्थ्यानं इंटरनेटवर जो ‘किडा’ सोडला, त्याला कुणाच्या मदतीची गरजच नव्हती. संगणकांवर चालू असलेल्या सेवांमधल्या चुका शोधून तो आपणहून आत शिरायचा. आपली प्रत आधीच तिथे आहे का, हे तो विचारायचा खरा, पण कुणी खोटं ‘हो’ म्हणून फसवू नये म्हणून सातातून एकदा उत्तराकडे दुर्लक्ष करून शिरायचाच. हा एक आकडा चुकला. एकेका यंत्रात असंख्य प्रती जमल्या आणि यंत्रं गुदमरली. तेव्हाच्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० बाधित झाले असा अंदाज सांगितला जातो. आज साठ हजार म्हणजे एखाद्या शहराच्या उपनगरातले संगणक, पण तेव्हा ते सगळं इंटरनेट होतं.

इथे फोटोंची यादी काय कामाची? इथे हवा दारावरचा रखवालदार. जाळ्यावरून येणारी माहिती छोट्या पाकिटांतून येते. प्रत्येक पाकिटावर कुठून, कुठे आणि कोणत्या ‘पोर्ट’वर, म्हणजे कोणत्या दारावर, हे लिहिलेलं असतं. पाकीट न फोडता नुसता पत्ता वाचून ‘हे आत, हे बाहेर’ ठरवणारी गाळणी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या अभियंत्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीला मांडली. पुढचे रखवालदार हुशार झाले. आतून कोण बाहेर पडलं ते लक्षात ठेवून, त्याच्याच नावे आलेलं उत्तर तेवढं आत सोडू लागले. तुम्ही फोन करून मागवलेला गॅस सिलिंडर सोसायटीत येऊ द्यायचा, न मागवलेला फाटकावरच अडवायचा, असा हा साधा हिशेब. आग शेजारच्या खोलीत पसरू नये म्हणून इमारतीत जाड भिंत बांधतात, तिच्यावरून नाव पडलं ‘फायरवॉल’.

हे शहाणपण घरच्या संगणकापर्यंत यायला मात्र पंधरा वर्षं लागली. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ हा किडा आला. विंडोज एक्सपी किंवा विंडोज २००० चा संगणक इंटरनेटला जोडला, की काही वेळात ‘६० सेकंदांत बंद होत आहे’ अशी पाटी यायची आणि यंत्र खरंच बंद पडायचं. ज्या चुकीतून तो शिरत होता तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं आदल्या महिन्यातच दिली होती. आणि एक्सपीमध्ये फायरवॉल होतीच की! पण ती सुरुवातीपासून बंद ठेवलेली होती. रखवालदार नेमलेला, पण त्याला खोलीत कोंडून ठेवलेलं. ऑगस्ट २००४ च्या मोठ्या दुरुस्तीत ती आपोआप सुरू राहील अशी व्यवस्था झाली. घरगुती संगणकांच्या सुरक्षेत मला तरी हे सर्वांत मोठं पाऊल वाटतं, आणि त्यात नवा शोध एकही नव्हता. फक्त कळ ‘बंद’वरून ‘चालू’वर गेली.

आणि रीपर आठवतो ना? त्याच ऑगस्ट २००३ मध्ये कुणीतरी ‘वेल्चिया’ नावाचा परोपकारी किडा सोडला. तो न विचारता लोकांच्या संगणकात शिरून ब्लास्टर काढायचा आणि वर दुरुस्ती बसवायचा. पण पुढचा संगणक शोधताना त्यानं जाळ्यांवर इतकी गर्दी केली, की ठिकठिकाणचं काम ठप्प झालं.

सज्जनाला पकडलं तर

चोराला सोडल्याच्या कथा आपण खूप ऐकतो. दुसऱ्या चुकीच्या कमी ऐकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या नव्या यादीनं विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल विषाणू ठरवली. जगभरात असंख्य संगणक बंद-चालू होत राहिले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीच्या एका सदोष फाइलीमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, आणि आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या दिवशी चोर कुणीच नव्हता, रखवालदारच उंबऱ्यात आडवा पडला होता. पहारेकऱ्याकडे घराच्या सगळ्या किल्ल्या असतात, म्हणून त्याची चूक चोराच्या चुकीपेक्षा लहान नसते. अमेरिकेनं २०२४ मध्ये रशियन कंपनी कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली, तीही या किल्ल्यांच्याच काळजीनं.

बाईंनी कागद ओढला. ‘‘आकड्यांत सांग.’’ मग आम्ही एक कल्पित हिशेब केला. समजा संगणकात एक लाख फाइली आहेत, त्यांत दहा वाईट. पारखी वाइटांपैकी ९९ टक्के पकडतो आणि चांगल्यांपैकी हजारातून एकीलाच चुकून वाईट म्हणतो. ऐकायला फार उत्तम! पण एकूण तक्रारी किती? दहा खऱ्या आणि सुमारे शंभर खोट्या. म्हणजे अकरांपैकी दहा वेळा घंटा उगाच वाजणार. बाई म्हणाल्या, ‘‘हे संभाव्यतेच्या धड्यानंतर मुलांना घालायला हरकत नाही.’’ नक्कीच नाही. म्हणूनच ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज आणि जर्मनीतली एव्ही-टेस्ट या संस्था अँटिव्हायरसची तुलना करतात, तेव्हा किती पकडले याबरोबर खोट्या तक्रारी किती झाल्या हेही तपासतात. जाहिरातीत पहिलाच आकडा असतो. दुसरा आपण शोधून पाहायचा.

एवढं झाल्यावर आम्ही बाईंचा संगणक उघडला. आत एक नाही, दोन अँटिव्हायरस होते. एक यंत्राबरोबर आलेला, तीस दिवसांच्या चाचणीचा, मुदत कधीच संपलेला. ती लाल पाटी त्याचीच. दुसरा भाच्यानं घातलेला. दोन पहारेकरी एकमेकांच्याच झडत्या घेत बसलेले, त्यामुळे यंत्र संथ. दोन्ही काढून टाकले. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये स्वतःचा अँटिव्हायरस असतोच. दुसरा कुणी हजर असला की तो बाजूला होतो. आता तो जागा झाला. फायरवॉल पाहिली, ती चालू होती, वेगळी विकत घेण्याचं काही कारण नव्हतं.

‘‘म्हणजे पैसे भरायचेच नाहीत?’’

‘‘भरा की, पण कशासाठी ते ठरवून. अडलं तर फोनवर मराठीत समजावणारं कुणी हवं असेल, तर त्याचे पैसे वाजवी आहेत. शंभर टक्क्यांसाठी मात्र देऊ नका. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधनं तर फुकटच आहेत.’’

खरी अडचण वेगळीच निघाली. यंत्रावर विंडोज १० होती, आणि तिच्या दुरुस्त्या देण्याचा नेहमीचा काळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’नं जगभर लोकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हाही दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्या यंत्रांत तो शिरला. बाईंचं यंत्र नवी विंडोज पेलण्याइतकं होतं, म्हणून ती उतरवायला लावली. तोवर पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका एका बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. डिस्क काढून बाईंनी ती कपाटात, लॉगच्या जुन्या कोष्टकांच्या पुस्तकाशेजारी ठेवली.

‘‘ही जोडूनच ठेवली तर?’’

‘‘तर कुलूप लावणारा तिलाही लावेल.’’

पडद्यावर बत्तीस टक्के झाले होते. बाई चकल्या आणायला आत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, ‘‘तो ‘ख’ आहे ना, तो ‘प’ला न विचारता दुसऱ्याच कुणाला विचारेल तर काय होईल, याचा विचार कर बघू.’’